हिऱ्याचं नख

भोसरीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये पाहा. लेथवरून जॉब उतरला की मुरलेला टर्नर आधी त्यावरून नख फिरवतो. ही परीक्षा मला मोलाची वाटते, कारण ती योग्य दिशेनं होते: टूलच्या खुणांना आडवी. रफनेस टेस्टरही हेच करतो. फक्त त्याचं नख हिऱ्याचं असतं आणि टोकाची त्रिज्या बहुधा २ किंवा ५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

या यंत्रांच्या घराण्यातलं मोठं नाव म्हणजे 'टॅलीसर्फ'. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन या भिंगं बनवणाऱ्या कंपनीत रिचर्ड रीझन यांनी ते घडवलं आणि १९४१ मध्ये ते बाजारात आलं. सुई धातूवरून हळू सरकते, तिचं वरखाली होणं विजेच्या संकेतात उतरतं आणि कागदावर आलेख उमटतो. तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला धडकी भरते. गुळगुळीत म्हणून हाती घेतलेला जॉब कागदावर सह्याद्रीच्या कड्यांसारखा दिसतो! पण उंची ५००० पट वाढवलेली असते आणि लांबी जेमतेम १०० पट, म्हणून प्रत्येक चढ पन्नासपट उभा भासतो. खरा पृष्ठभाग हलक्या चढउतारांच्या माळरानासारखा असतो.

या आलेखातून काढलेली सरासरी म्हणजे 'आरए'. मधल्या रेषेपासून पृष्ठभाग सरासरी किती दूर जातो, एवढंच ती सांगते. ०.८ मिलिमीटरचा कटऑफ लावला, तर असे पाच तुकडे म्हणजे ४ मिलिमीटर अंतर मोजलं जातं आणि ०.८ मिलिमीटरहून लांब लाटा हिशेबातून वगळल्या जातात. कटऑफ चुकला की आकडाही चुकतो.

माझी खरी तक्रार आहे ती नुसत्या आरएवर जॉब पास करण्याबद्दल. एखादा आलेख उलटा करा: शिखरांच्या दऱ्या होतील, दऱ्यांची शिखरं. आरए मात्र तसूभरही बदलणार नाही. इंजिनच्या सिलिंडर लायनरमध्ये हा फरक जिवावर बेततो. टोकदार शिखरं रिंगला ओरबाडतात, उलट दऱ्या तेल धरून ठेवतात. म्हणून प्लॅटो होनिंगमध्ये आधी जाड दाण्याच्या दगडांनी एकमेकींना छेदणाऱ्या खोल रेघा पाडतात, मग बारीक दगडांनी फक्त माथे उतरवतात.

असा पृष्ठभाग वाचायची वाट ॲबट आणि फायरस्टोन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवली होती. कुठल्या उंचीवर किती धातू शिल्लक आहे, याचा वक्र त्यांनी काढला. लायनरसाठी आज त्याच वक्रावरून तीन आकडे घेतात: इंजिन नवं असताना झिजून जाणाऱ्या माथ्यांचा आरपीके, भार पेलणाऱ्या गाभ्याचा आरके आणि तेल साठवणाऱ्या दऱ्यांचा आरव्हीके. सुई बोअरमध्ये उतरते, पाच-सहा मिलिमीटर सरकते. वर सपाट पठार आणि मध्येच खोल गेलेल्या अरुंद दऱ्या दिसल्या, की होनिंगवाला तो लायनर पुढे सोडतो.