हिरवेगारपणाचा हिशेब

गोल्फ या खेळाशी माझा आजवरचा संबंध लिंबूसरबतापुरता होता. बँकेत असताना एखाद्या बड्या खातेदाराची ठेव मिळवायची असली की साहेबांबरोबर क्लबात जायचे, व्हरांड्यात बसून सरबत प्यायचे आणि दूरवर कुणी पांढरा चेंडू टोलवला की सगळ्यांबरोबर आपणही "वा!" म्हणायचे. चेंडू कुठे गेला ते मला एकदाही दिसले नाही.

त्यामुळे आमच्या शाखेतले जुने रोखपाल एका लग्नात भेटले आणि म्हणाले, "आमचा धाकटा गोल्फच्या मैदानावर सुपरिंटेंडेंट झालाय, एकदा बघून या," तेव्हा मला हसू आले.

"म्हणजे नेमकं करतो काय?" मी विचारले.

"हरळी वाढवतो," रोखपाल म्हणाले. "माझ्या बापानं जन्मभर जी उपटली ना, तीच!"

या एका वाक्याने मला तिकडे नेले. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस एका पहाटे मी पुण्याजवळच्या त्या मैदानावर हजर झालो. मैदानाचे आणि त्या तरुणाचे नाव इथे देत नाही. तशी त्याची अट होती, आणि ती का होती हे पुढे वाचल्यावर आपल्याला कळेलच. पोरगा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर, वय पस्तिशीच्या आतबाहेर, डोक्यावर टोपी, पायात गमबूट. वाकून नमस्कार केला आणि "काका, चहा नंतर घेऊ, ऊन चढायच्या आत फिरू," म्हणाला.

टीव्हीवर पाहिलेली हिरवी मखमल माझ्या डोक्यात होती. इथे बरेचसे मैदान पिवळट, मध्येमध्ये तर चक्क तपकिरी दिसत होते. मी न राहवून तसे म्हटले.

"तुम्हीपण आमच्या कमिटीसारखंच बोललात," तो हसून म्हणाला.

ज्यांना या खेळाची माझ्याइतकीच माहिती आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानात अठरा खळगे असतात. जिथून पहिला फटका मारतात तो टी, मधला लांबलचक पट्टा तो फेअरवे आणि शेवटी खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ ते ग्रीन. वाटेत आणि ग्रीनच्या आजूबाजूला वाळूचे खड्डे केलेले असतात, ते बंकर. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे आपली आमटीची वाटी. तेवढ्यात चेंडू घालायचा म्हणून ग्रीनवरचे गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापतात. दोन नाणी एकावर एक ठेवावीत, एवढीच त्याची उंची! हे कापणे जवळजवळ रोज. हिवाळ्यात त्याआधी लांब काठीने दव झटकायचे, कारण दव पात्यावर रेंगाळले की बुरशी धरते. खळगाही एका जागी ठेवत नाहीत. माणसांच्या पायांनी तिथले गवत मरेल म्हणून तो उचलून दुसरीकडे नेतात आणि जुनी जागा गवताच्या गड्डीने बुजवतात.

आणि हे गवत म्हणजे हरळीच. ज्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो आणि शेतकरी ज्यांच्या नावाने बोटे मोडतो, त्यांनाच जगभरचे गोल्फवाले 'बर्म्युडा' म्हणून डोक्यावर घेतात. ग्रीनवर लावतात ती तिची संकरित, बुटकी जात. त्यातली 'टिफड्वार्फ' ही अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रातून १९६५ साली आली. तिला बी धरत नाही. मग लागवड कशी? तर उसाच्या बेण्यासारख्या तिच्या कांड्या पसरायच्या. "आजोबांनी हे पाहिलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं," तो म्हणाला.

एका ग्रीनवर त्याने खिडकीच्या पन्हाळीसारखी दिसणारी ॲल्युमिनियमची पट्टी काढली. तिच्या खाचेत चेंडू ठेवून पट्टी हळूहळू उचलली. ठराविक चढ झाला की चेंडू आपोआप सुटतो आणि ग्रीनवर घरंगळत जातो. तो किती फूट गेला ते मोजायचे, मग उलट दिशेने तसेच करायचे आणि सरासरी काढायची. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन हौशी खेळाडूने १९३५ साली ही युक्ती काढली. त्या वर्षीच्या अमेरिकन ओपन स्पर्धेत भल्याभल्यांचे चेंडू ग्रीनवरून घसरताना त्याने पाहिले होते आणि ग्रीन किती वेगवान आहे हे मोजायला काहीतरी हवे असे त्याला वाटले. माझ्यासमोर आकडा आला साडेआठ.

"हा चांगला का वाईट?"

"तसं काही नाही. सतरा ग्रीनवर साडेआठ आणि एकावर अकरा आला, तर ते वाईट. खेळणाऱ्याला अंदाज बांधता आला पाहिजे."

तिथून आम्ही बंकरकडे गेलो. मला वाटत होते, बंकर म्हणजे खड्डा खणून वाळू ओतली की झाले. त्याने चिमूटभर वाळू माझ्या तळहातावर चोळली. कण टोकदार लागले. गोल कणांची वाळू पायाखाली सरकते आणि चेंडू तिच्यात अर्धा रुततो. टोकदार कण एकमेकांत अडकून बसतात. मग त्याने खुणा केलेली सळई वाळूत खुपसली. तळाशी दहा ते पंधरा सेंटीमीटर, चढावर त्याच्या निम्मी, असा हिशेब. कमी झाली तर खेळणाऱ्याची काठी खालच्या मातीवर आदळून मनगट दुखावते, जास्त झाली तर चेंडू गडप होतो.

"पण बंकर तर त्रास द्यायलाच केलेला असतो ना?" मी विचारले.

"त्रास द्यायचाच, काका. पण सगळ्यांना सारखा. सकाळी पहिल्या येणाऱ्याला आणि दुपारी शेवटच्याला तोच त्रास झाला पाहिजे."

म्हणून दंताळ्याने ओढलेली ती वरची नक्षी. जो बंकरमध्ये उतरतो त्याने बाहेर पडताना आपल्या पायांच्या खुणा दंताळ्याने पुसायच्या, असा या खेळाचा रिवाज आहे. पण खरे काम वाळूच्या खाली असते. तिथे खडीत भोके पाडलेले पाइप पुरलेले असतात. पावसात कडेची माती वाहून वाळूत मिसळते, तिचा गाळ पाइपात जातो आणि तोंडे बुजतात. वरून बंकर झकास दिसतो, आणि पहिल्या मोठ्या सरीत त्याचा हौद होतो. मे महिन्यात त्याची माणसे ही तोंडे उघडी करत होती. चार बायका शेजारी खुरप्याने लव्हाळ्याच्या गाठी काढत बसल्या होत्या. चारचौघींचे हात चालत होते आणि तोंडेही.

वाळू ही या खेळाची जन्मभूमीच म्हणायची. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवर तो वाढला. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्यांनी जिथे अंग टेकले तिथे खड्डे पडले, तेच पहिले बंकर, असे परंपरा सांगते. तिथल्या सेंट अँड्र्यूज गावी टॉम मॉरिस (१८२१-१९०८) नावाचा मैदानाचा रखवालदार होऊन गेला. स्वतः चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला, पण त्याची कीर्ती टिकली ती गवतामुळे. ग्रीनवर वेळोवेळी वाळूचा पातळ थर द्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही आणि पृष्ठभाग टणक राहतो, हे त्याने रुजवले. भरल्या हिरवळीवर वाळू टाकणारा माणूस लोकांना वेडाच वाटला असणार. आज जगभर तेच करतात. तिथल्या ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ बंद असतो. गवताला विश्रांती मिळते आणि गावकरी मुलाबाळांना घेऊन तिथे फिरायला येतात.

आता त्या तपकिरी रंगाकडे येतो.

त्याने एका ग्रीनमध्ये नळीसारखे अवजार दाबून मातीचा एक दांडका उपसला. म्हणायला माती, होती बहुतेक वाळू. ग्रीनखाली साधारण तीस सेंटीमीटर वाळू आणि तिच्याखाली दहा सेंटीमीटर खडी घालतात. त्या दांडक्यात पांढऱ्या मुळ्या बोटभर खोल गेलेल्या दिसल्या. मग तो मला आवाराच्या फाटकाजवळच्या लॉनवर घेऊन गेला. शोभेचे लॉन, रोज पाणी, डोळ्यांत भरणारे हिरवे. तिथला दांडका काढला तर मुळ्या जेमतेम नखाएवढ्या.

"रोज वरवर पाणी मिळालं की मुळी खाली कशाला जाईल? मी भरपूर पाणी देतो, पण मग थांबतो. तहान लागली की मुळी खाली पाणी शोधते. तेवढे दिवस रंग उतरतो. लोकांना वाटतं, मैदान मेलं."

हे पाणीही सांडपाणी शुद्ध करून आलेले. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले, हे आपल्याला आठवत असेल. ज्या राज्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, तिथे खेळाच्या गवताला पाणी द्यावे का, हा प्रश्न मीही त्याला विचारला. तो चिडला नाही. "म्हणूनच तर कमी देतो," एवढेच म्हणाला. या उत्तराने माझे पूर्ण समाधान झाले नाही. त्याचेही झाले नसावे.

मग जरा थांबून त्याने आपण होऊन सांगितले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक मोठी स्पर्धा होती. कमिटीला हिरवेगार हवे होते. त्याने एकदा नाही म्हटले, दोनदा म्हटले. तिसऱ्या वेळी नोकरीची भाषा झाली. त्याने नत्राचा मोठा हप्ता दिला, रोज पाणी दिले. पंधरा दिवसांत मैदान पाचूसारखे झाले. फोटो निघाले, हार घातले. जुलैत सलग ढग आले. हरळीला ऊन हवे, ते नाही. पाती लुसलुशीत, मुळ्या उथळ. बुरशीने चार दिवसांत तीन ग्रीन बसवली. ती गणपतीनंतरच उघडली. "दोष माझ्या नावावर लागला. आणि लागायलाच हवा होता. औषध मीच टाकलं ना!"

मी काही बोललो नाही. मला माझे मार्च महिने आठवत होते.

बँकेत आमच्याकडे एक शब्द होता, 'एव्हरग्रीनिंग'. बुडत चाललेल्या कर्जदाराला नवे कर्ज द्यायचे, त्यातून त्याने जुन्याचे व्याज भरायचे, म्हणजे खाते वहीत हिरवेगार राहते. १९९२-९३ पासून थकीत कर्जे वेगळी दाखवण्याचे नियम आले, तशी ही कला वाढली. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोठ्या बँकांची खाती खोदून पाहिली, तेव्हा त्या हिरवळीखाली काय आहे ते देशाला कळले. त्या वेळी मी वर्तमानपत्र वाचत मोठमोठ्या उद्योगपतींना नावे ठेवत होतो. पण १९९७ ते १९९९ अशी तीन वर्षे एका तालुक्याच्या गावी हेच मी केले होते. पाइप बनवणारा छोटा कारखाना होता. मालक सज्जन होता. वरून दबाव होता हे खरे, पण सही माझी होती. चौथ्या वर्षी कारखाना बंद पडला, तोवर माझी बढती होऊन बदली झाली होती. जामीन होता मालकाचा मेहुणा, शाळामास्तर. त्याचे घर गेले. एका कागदासाठी तो मला नव्या कचेरीत भेटायला आला आणि जाताना म्हणाला, "साहेब, पहिल्याच वर्षी सांगितलं असतं, तर माझं निम्म्यात भागलं असतं."

मी चार कादंबऱ्या लिहिल्या, पण हा मास्तर एकीतही आला नाही. त्या दिवशी मैदानावर मी तो त्या मुलाला सांगितला. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्यांना पुढे भेटलात का?" मी नाही म्हणालो.

जुलैत मी पुन्हा गेलो. रात्रभर पाऊस झाला होता. बंकरच्या चढावरची वाळू ओघळून तळाशी आली होती आणि माणसे ती फावड्याने पुन्हा वर चढवत होती. पण एकाही बंकरमध्ये पाणी साचलेले नव्हते. ग्रीन हिरवी होती, फार हिरवी नव्हती. या वर्षी त्याने कमिटीपुढे मुळ्यांचे दोन दांडके ठेवले होते, बोटभर मुळ्यांचा आणि नखाएवढ्या मुळ्यांचा, आणि निर्णय त्यांच्यावर सोडला होता. निम्म्यांना पटले, निम्म्यांना नाही. नोकरी अजून आहे.

वाळूची खोली बघायला मी बंकरमध्ये उतरलो होतो. बाहेर आलो तर मागे माझ्या चपलांच्या खुणा उमटलेल्या. एक मावशी दंताळे घेऊन पुढे आल्या. त्याने त्यांच्या हातातून ते घेतले आणि माझ्या हातात दिले.

"राहू द्या मावशी. काका, तुमच्या तुम्ही ओढा."

मला नीट जमले नाही. दोनदा ओढावे लागले. घरी परतल्यावर जुनी डायरी काढून मास्तरांच्या गावाचे नाव शोधले. पत्र लिहून ठेवले आहे. पत्ता तोच असेल की नाही, कोण जाणे. उद्या सोमवार, टपालात टाकीन.