वाढता लठ्ठपणा : ताटातला, पेल्यातला आणि बसल्या जागेचा

'खात्यापित्या घरचा' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत गौरवाचा मानला जातो. मूल गुटगुटीत असले की आजी त्याची दृष्ट काढते. लेक सासरी वाळली तर आईचा जीव कासावीस होतो. लग्नानंतर वर्षभरात जावयाचे पोट सुटले तर 'लग्न मानवले' असे म्हणून सारे कौतुकाने हसतात. ही भाषा ज्या काळात घडली तो अभावाचा काळ होता. पावसाने दगा दिला किंवा साथ आली तर अंगावरचे मांस हीच माणसाची पुंजी असे. तो काळ सरला, भाषा मात्र तीच राहिली; आणि आज आपल्या घराघरांत जो आजार मुक्काम ठोकून बसला आहे त्याला आपण अजूनही सुबत्ता समजतो.

देशपातळीवरील आकडे प्रथम पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ साली १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी १२.६ टक्के व पुरुषांपैकी ९.३ टक्के जणांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हेच प्रमाण स्त्रियांत २४ टक्के व पुरुषांत २२.९ टक्के झाले. म्हणजे पंधरा वर्षांत स्त्रियांत जवळजवळ दुप्पट आणि पुरुषांत दुपटीहून अधिक! शेजारच्या गोव्यात तर तीन स्त्रियांमागे एकीहून अधिक स्त्रिया या गटात मोडतात.

ही मोजणी ज्या मापाने होते ते माप समजून घेणे अगत्याचे आहे. वजनाला (किलोमध्ये) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला डॉक्टर 'बीएमआय' म्हणतात. पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६८ किलो असेल तर त्याचा बीएमआय सुमारे २५ भरतो. युरोपीय माणसाला ३० च्या पुढे लठ्ठ ठरवतात. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २००९ साली ही रेषा खाली आणली : २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. वरच्या सर्वेक्षणातील आकडे २५ च्या रेषेवरचे आहेत. २३ ची रेषा धरली तर संख्या कितीतरी वाढेल.

आपल्यासाठी रेषा वेगळी का, याचे उत्तर पुण्यात सापडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. आतून मात्र दोन निराळी शरीरे. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांची बाळे यांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसले. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील बाळांहून कितीतरी लहान. परंतु लहानपण होते ते स्नायूंत आणि अवयवांत. त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी बरीचशी राखून ठेवलेली होती. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेले, असा जो मध्यमवयीन गृहस्थ आपल्याला प्रत्येक लग्नमंडपात भेटतो, त्याचे मूळ इतके मागे जाते.

म्हणून आपल्यासाठी वजनकाट्याहून शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता फीत गुंडाळावी. पुरुषांत ९० सेंटिमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) व स्त्रियांत ८० सेंटिमीटर (सुमारे साडेएकतीस इंच) यांपेक्षा घेर अधिक असेल तर चरबी आतड्यांभोवती व यकृतात साठू लागली असण्याचा संभव असतो. मांडीवरची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटातली चरबी मात्र इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते आणि त्यातून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व यकृताचे विकार यांची वाट मोकळी होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत पोटाचा लठ्ठपणा जवळजवळ ४० टक्के प्रौढांत आढळला, आणि देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज त्याच पाहणीने दिला.

आता हे पोट आले कोठून? 'आमचे वाडवडील तर आमच्याहून जास्त जेवत' असे आपल्याकडे हमखास ऐकू येते, आणि ते बहुधा खरेही असते. वसईच्या पट्ट्यातील जुनी वाडी आठवावी. पहाटे उठून शिंपण, केळीची व पानवेलींची निगा, भाजीची खुडणी, मग टोपल्या डोक्यावर घेऊन स्टेशन आणि तेथून मुंबईचा बाजार. घरातील स्त्री विहिरीचे पाणी ओढी, कांडण-दळण करी आणि वर वाडीतही राबे. अशा देहाला ताटभर भात पुरत नसे. नव्वदच्या दशकानंतर वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, विहिरीवर पंप बसला, मिक्सर व वॉशिंग मशीन आले, दाराशी स्कूटर आली. विरार लोकलमध्ये उभे राहून केलेल्या प्रवासाने माणूस दमतो खरा, परंतु दमणे म्हणजे श्रम नव्हेत. श्रम गेले आणि भाताचा ढीग तेवढाच राहिला. याच परिषदेच्या २०२५ सालच्या अहवालानुसार भारतीय माणसाच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि त्यात पॉलिश केलेला तांदूळ, मैदा व साखर यांचा वाटा मोठा आहे. मासळी, अंडी, डाळ, कडधान्य हे ताटाच्या कडेला आणि भात मध्यभागी, ही मांडणी उलटी केली तरी निम्मे काम होते. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यासाठी परदेशी बिया विकत आणण्याची गरज नाही. बांगडा व बोंबील आपल्या दारात आहेत. मात्र ते कालवणात किंवा भाजून खावेत. रव्यात घोळवून तेलात सोडलेला मासा हा मासा कमी आणि तेल अधिक असतो.

तेलाचा हिशेब कोणीच ठेवत नाही, म्हणून तो येथे मांडतो. एक लिटर तेलात आठ हजारांहून अधिक उष्मांक असतात. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे २७५ उष्मांक केवळ तेलाचे जातात. दोन लिटरांत भागवले तर ते निम्मे होतात, आणि जेवणाची चव फारशी बिघडत नाही. चहाचेही तसेच. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चारदा घेतला तर ४० ग्रॅम साखर होते. दिवसभरात २५ ग्रॅमपर्यंतच थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. त्या चहाबरोबरची बिस्किटे तर आपण मोजतच नाही. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते, आणि पाहुण्यांच्या मुलांना ती देणे आपल्याकडे अगत्य समजले जाते!

यानंतरचा विषय थोडा नाजूक आहे. आपल्या समाजात साखरपुडा असो, लग्न असो वा सण असो, पेला आडपडद्याशिवाय पुढे येतो. दारूच्या व्यसनाबद्दल आपण बोलतो, परंतु व्यसनी नसलेल्या, 'फक्त शनिवार-रविवारी घेणाऱ्या' सभ्य गृहस्थाच्या पोटाबद्दल बोलत नाही. एक ग्रॅम मद्यार्कात सात उष्मांक असतात. पिठात व साखरेत ते चार, तुपात व तेलात नऊ. म्हणजे दारू ही पाण्यापेक्षा तेलाच्या अधिक जवळची वस्तू होय. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १४० उष्मांक, बिअरच्या मोठ्या बाटलीत अडीचशेच्या आसपास. दोन पेग आणि सोबत मूठ-दोन मूठ, म्हणजे ५० ग्रॅम खारे दाणे घेतले की साडेपाचशे उष्मांक झाले. हे तांदळाच्या जवळजवळ तीन भाकऱ्यांइतके भरते. आणि जेवण अजून व्हायचेच असते! त्यातच दारूने भूक चाळवते आणि हात आवरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट यकृतात घडते. मद्यार्क शरीराला साठवता येत नाही, त्यामुळे यकृत हातातले दुसरे काम बाजूला ठेवून आधी त्याचा निचरा करते. तोवर चरबी जाळण्याचे काम थंडावते आणि त्या वेळी खाल्लेले तेलकट अन्न साठ्याकडे वळते. त्या साठ्याची पहिली जागा म्हणजे स्वतः यकृतच. आधीच पोट सुटलेल्या माणसाच्या यकृतावर चरबी चढलेली असते. त्यावर दारू पडली की दोन्ही कारणे एकमेकांना बळ देतात. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आले की 'सगळ्यांनाच असते' म्हणून कागद कपाटात ठेवून देण्याची पद्धत आहे, ती घातक आहे. थोडी वाइन हृदयाला चांगली, हा समजही आता टिकत नाही. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्यापैकी अनेक जण उपवासकाळात चाळीस दिवस दारूला शिवत नाहीत. पट्टा एक भोक आत जातो, झोप सुधारते, हे त्यांना ठाऊक असते. ईस्टरनंतर पहिल्याच आठवड्यात सारी भरपाई करण्याची मात्र जणू शर्यत लागते. शुक्रवारी मांस वर्ज्य करून त्या दिवशी तळलेल्या सरंग्याचा दुप्पट समाचार घेणाऱ्यांबद्दल काही न लिहिलेलेच बरे!

व्यायामाविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. ७० किलो वजनाचा माणूस पाऊण तास भरभर चालला तर दीडशे-दोनशे उष्मांक खर्च होतात. परतताना नाक्यावर खाल्लेल्या एका वडापावात सुमारे तीनशे असतात. केवळ चालून वजन उतरवायचे म्हटले तर हिशेब असा तोट्यात जातो, आणि महिनाभरात काटा हलला नाही म्हणून लोक चालणेच सोडून देतात. हे चुकीचे आहे, कारण चालण्याचा खरा लाभ काट्यावर दिसत नाही. चेन्नई येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आहारात बदल व नियमित चालणे एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजनात फारशी घट झालेली नसताना. काम करणारा स्नायू रक्तातील साखर स्वतः ओढून घेतो. रात्रीच्या जेवणानंतर लगेच सोफ्यावर न टेकता दहा-पंधरा मिनिटे अंगणात फेऱ्या मारल्या तरी साखरेची चढण सौम्य होते.

आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालणे आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे सूत्र आहे. दुसरा भाग आपण विसरतो. आपली उपजत उणीव चरबीच्या आधिक्याइतकीच स्नायूंच्या कमतरतेचीही आहे, तेव्हा जोर-बैठकांना आपण जुनाट ठरवू नये. साठीच्या पुढच्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस केली तरी तो व्यायामच आहे. आणि 'दिवसभर घरकाम करते, तिला वेगळा व्यायाम कशाला?' असे म्हणणाऱ्या पुरुषांनी आपल्या पत्नीला सायंकाळचा अर्धा तास मोकळा करून द्यावा. घरकामाने ती थकते, त्यात शंका नाही. परंतु तिच्या हृदयाला लागणारी सलग गती ओट्यापाशी उभे राहून मिळत नाही. उरलेसुरले वाया जाऊ नये म्हणून ते आपल्या ताटात ओढून घेण्याची सवयही घरातील स्त्रीलाच असते.

लठ्ठ माणसाला आळशी किंवा खादाड म्हणून हिणवणे मात्र अन्यायाचे आहे. आनुवंशिकता, अपुरी झोप, मनावरचा ताण, काही औषधे, यांचाही त्यात हात असतो. थायरॉइडवर सारा दोष ढकलण्याची प्रथा आहे, परंतु त्याने वाढणारे वजन बहुधा थोड्या किलोंचेच असते. २०२५ साली टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शने आपल्याकडे त्या उपयोगासाठी उपलब्ध झाली. ती प्रभावी आहेत, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नयेत. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे एका मोठ्या पाहणीत आढळले आहे. आपले उद्दिष्ट मोठे नसले तरी चालते. ८० किलोच्या माणसाने चार ते आठ किलो कमी केले तरी रक्तदाब, साखर व यकृत तिन्हींत फरक दिसू लागतो.

ज्यांच्या कमरेची फीत रेषेपलीकडे जाते त्यांनी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि घरात मधुमेह असेल तर त्यासाठी चाळिशीची वाट पाहू नये. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहाची प्राथमिक तपासणी शासनाच्या कार्यक्रमानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. तेथे आधार कार्ड आणि जुने कागद असल्यास ते सोबत न्यावेत.