लज्जागौरी : मूर्ती, नाम आणि अर्थ

दख्खनच्या प्राचीन स्थळी, विशेषतः तेर येथे व कर्नाटकातील बदामी-ऐहोळेच्या परिसरात, एका विशिष्ट देवीच्या प्रतिमा आढळल्या आहेत. गुडघे दुमडून दोन्ही पाय फाकलेले, योनी स्पष्ट दर्शविलेली आणि मस्तकाच्या जागी बहुधा उमललेले कमळ, असे त्यांचे स्वरूप आहे. अभ्यासक त्यांना ‘लज्जागौरी’ म्हणतात.

या नावाविषयी सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. देवीने लज्जेमुळे मस्तक टाकले, अशा आशयाची कथा नावाच्या स्पष्टीकरणार्थ सांगितली जाते; परंतु मूर्तीत लज्जेचा लवलेशही नाही. नाम व रूप यांतील ही विसंगती पाहता नाव उत्तरकालीन असावे, असेच म्हणावे लागते. स्टेला क्रामरिश यांनी १९५६ मध्ये ही देवी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७२ व्या सूक्तात आलेल्या अदिती व उत्तानपद् या शब्दांशी जोडली. ‘उत्तानपद्’ हे पद मूर्तीच्या आसनाला चपखल लागू पडते, हे खरे. तथापि त्या सूक्तात कमलमुखाचा उल्लेख नाही. शब्द जुळला म्हणजे दैवत जुळले, असे होत नाही.

मूर्तीबरोबर प्रत्यक्ष शब्द मिळतो तो नागार्जुनकोंडा येथे. इक्ष्वाकु राजा एहुवुल चांतमूल याच्या राणीने करविलेल्या प्रतिमेवरील प्राकृत लेखात तिला अविधवा व जीवपुत्रा म्हटले आहे. म्हणजे जिचा पती हयात आहे आणि जिचे पुत्र जिवंत आहेत ती. लेखात अपत्यासाठी याचना नाही. दात्रीच्या प्राप्त सौभाग्याचा निर्देश आहे. तेव्हा या दैवताचा अर्थ केवळ ‘संततिदायिनी’ एवढाच करणे अपुरे ठरते. जन्मलेल्याचे जगणे आणि कुळाचे अखंडत्व हेही त्यात समाविष्ट आहे. मराठीतील ‘अखंड सौभाग्यवती’ हा प्रयोग याच भावविश्वातला होय.

कमळाचाही विचार याच अंगाने करावयास हवा. पूर्णघटातून कमळे उमलतात, तसे येथे देहरूपी घटातून कमळ उमलते. अशा मूर्तीस ‘शिरोहीन’ म्हणणे त्यामुळे यथार्थ नाही. याउलट, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे मिळालेली ताम्रपाषाणयुगीन, कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती खरोखरच मस्तकरहित आहे आणि तिच्यासोबत बैल आहे. या दोहोंमध्ये सहस्राहून अधिक वर्षांचे अंतर आहे. मस्तक नसणे एवढ्या एकाच साम्यावरून त्यांची सलग परंपरा सिद्ध होत नाही.

रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात रेणुका-यल्लम्मा व भूमिपूजा यांच्याशी या दैवताचा संबंध जोडला. त्यांच्या विवेचनाचे महत्त्व असे की, ते मूर्तीला जिवंत उपासनेच्या संदर्भात ठेवते. ऐहोळेनजीक सिद्धनकोळ्ळ येथे अपत्यार्थी स्त्रिया आजही या देवीची पूजा करतात. मूर्ती, लेख व उपासना ही तीन स्वतंत्र साधने आहेत. त्यांपैकी एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादण्यापूर्वी प्रत्येकाची साक्ष वेगळी नोंदविणे, हीच या अभ्यासाची पहिली पायरी होय.