सपाट आरसा आणि विहिरीची पाहणी

उन्हाळ्यात पाणी खाली गेले म्हणजे विहिरीतील गाळ काढणे, ढासळलेले बांधकाम दुरुस्त करणे, पंपाच्या नळाची जाळी साफ करणे ही कामे निघतात. त्यांसाठी माणूस आत उतरविण्यापूर्वी विहीर वरूनच नीट पाहून घेणे अगत्याचे असते. एखादा दगड सुटलेला असला, कपारीत साप असला किंवा पिंपळाच्या मुळीने बांधकाम फोडले असले, तर ते उतरल्यावर कळून उपयोग नाही. दिवसा उघड्यावर विजेरीचा झोत फिका पडतो. अशा वेळी घरातील साधा सपाट आरसा फार उपयोगी पडतो. मात्र त्यावरून उजेड कसा परततो हे समजून घेतले पाहिजे.

४ मीटर रुंद व १२ मीटर खोल अशी एक विहीर घेऊ. डिसेंबरच्या अखेरीस पुण्याकडे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. तेव्हा त्याचे ऊन या विहिरीत जेमतेम साडेचार मीटरपर्यंत पोचते. खालचा भाग अंधारातच राहतो. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास तेथे सूर्य माध्यान्ही थेट माथ्यावर येतो व ऊन आपोआप तळाशी जाते. पण पाहणी अशा एखाद्या दिवसावर सोपविता येत नाही.

परावर्तनाचा नियम

आरशाच्या पृष्ठभागावर एक काडी काटकोनात उभी आहे अशी कल्पना करावी. हिला लंब म्हणतात. सूर्यकिरण या लंबाशी जेवढा कोन करून आरशावर पडतो, तेवढाच कोन करून तो लंबाच्या दुसऱ्या बाजूने परत जातो. म्हणून ही काडी सूर्य आणि आपले लक्ष्य यांच्या दिशांच्या बरोबर मध्यावर रोखली गेली, की कवडसा लक्ष्यावर पडतो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. आरसा १ अंश फिरविला तर परतणारा किरण २ अंश फिरतो. १२ मीटर खोलीवर एवढ्याने कवडसा सुमारे ४२ सेंटिमीटर सरकतो. हातात धरलेल्या आरशाचा कवडसा तळाशी नाचत राहतो, तो यामुळेच. आरसा नेहमी कठड्यावर टेकवून स्थिर करावा.

सपाट आरसा किरण एकत्र आणीत नाही. सूर्यबिंब आपणास सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे कवडसा दर मीटर अंतराला जवळजवळ १ सेंटिमीटर पसरतो. लहान चौकोनी आरशाचा कवडसा खोलवर गोल व मंद दिसतो, त्याचे कारण हेच. पाहणीसाठी आरसा निदान हातभर उंचीचा घ्यावा.

आरसा कसा धरावा

सूर्योदयानंतर सुमारे दोन तासांनी, म्हणजे उभ्या काठीची सावली काठीच्या पावणेदोन पट असते तेव्हा, सूर्य सुमारे ३० अंश वर असतो. ही वेळ सोयीची. सूर्य समोर येईल अशा काठावर कठड्यामागे बसावे. आरशाचे तोंड सूर्याकडे करून त्याचा वरचा भाग विहिरीकडे कलवावा. उभ्या स्थितीपासून ३० अंश कलविल्यास किरण सरळ खाली जातात. तोच कल २१ अंशांवर आणला, तर आपण घेतलेल्या विहिरीत कवडसा समोरच्या भिंतीच्या पायाशी पोचतो. अवघ्या ९ अंशांत सारा तळ पाहून होतो.

सूर्य जसजसा वर चढतो, तसतसा खाली पाठविण्याचा झोत अरुंद होतो. ३० सेंटिमीटर उंच आरशातून सूर्य ३० अंशांवर असताना १५ सेंटिमीटर जाडीचा झोत मिळतो. ६० अंशांवर तो सुमारे ८ सेंटिमीटरच उरतो. काठावर झाडाची सावली असेल तर दोन आरसे वापरावेत. एकाने उन्हातून आडवा झोत पाठवावा आणि दुसरा ४५ अंश कलवून तो खाली वळवावा. कवडसा कोणाच्याही डोळ्यांवर जाऊ देऊ नये आणि आरशात सूर्य पाहू नये.

बांधकामावर झोत तिरपा सोडला म्हणजे भेगांच्या व सुटलेल्या दगडांच्या सावल्या उठून दिसतात. पाण्यावर मात्र तो शक्य तितका सरळ सोडावा. सरळ पडलेल्या उजेडातील शंभरात सुमारे दोनच भाग पाण्यावरून परततात, बाकीचा आत शिरतो व पाणी नितळ असल्यास तळ दिसतो. हा तळ असतो त्यापेक्षा वर भासतो. वरून ३ मीटर वाटणारे पाणी प्रत्यक्षात सुमारे ४ मीटर असते. उतरणाऱ्यास हे आधी सांगावे.

उजेडाने न दिसणारा धोका

तळ स्वच्छ दिसला म्हणजे विहीर निर्धोक झाली, असे मुळीच समजू नये. कार्बन डायऑक्साइड हा हवेपेक्षा जड वायू तळाशी साचतो. त्याला रंग नाही व वासही नाही. विहिरीत तेलावरचे इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. यांपैकी एकही आरशाच्या उजेडात दिसत नाही. पेटता कंदील आत सोडून पाहण्याची जुनी रीतही पुरेशी नाही, कारण काही विषारी वायूंत कंदील जळत राहतो.

म्हणून बरेच दिवस वापरात नसलेल्या विहिरीत आधी हवा खेळवावी व जाणकाराकडून वायुमापकाने तपासणी करून घ्यावी. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधावा व तो ओढण्यास वर माणसे ठेवावीत. आत कोणी बेशुद्ध पडल्यास दुसऱ्याने त्याच्यामागे तसेच उतरू नये; दोराने वर ओढावे व अग्निशमन दलास बोलवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरशाचा प्रयोग शेतकऱ्यांना करून दाखविताना ही सूचना त्याच वेळी, विहिरीच्या काठावरच द्यावी.