सुट्टीचं घर, पण कुणाच्या गावात?

राधानगरीच्या लक्ष्मी तलावातलं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं, की एका जुन्या वास्तूचे अवशेष उघडे पडतात. हा बेनझीर व्हिला, राजर्षी शाहू महाराजांचा बंगला. भोगावतीवरचं धरण महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. पैशाअभावी मध्येच काम थांबलं. १९२२ साली महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात. पाणी चढलं आणि बंगला त्याच्या पोटात गेला. आज जिल्ह्यातला ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्यातलं बरंचसं पाणी त्या बंगल्यावरून वाहून येतं, असं म्हटलं तरी चालेल.

महाराजांना जागा निवडताना सातबारा पाहावा लागला नसेल. तुम्हा-आम्हाला मात्र लागतो. आणि हल्ली ही जागा निवडण्याची पाळी आपल्याकडच्या बऱ्याच घरांवर येते आहे.

माझे एक स्नेही कोल्हापुरात असतात. वय बहात्तर. थोरला मुलगा अमेरिकेत, मुलगी जर्मनीत. वर्षातून एकदा सगळ्यांनी पंधरा-वीस दिवस एका छपराखाली राहावं, एवढीच नवरा-बायकोची इच्छा. कोल्हापुरातला फ्लॅट दोन खोल्यांचा. नातवंडं आली की एकाला गादी आणि दुसऱ्याला सतरंजी. तेव्हा सुट्टीचं म्हणून एक घर घ्यायचं ठरलं. कुठे, यावर मात्र घरात तट पडले. मुलगा म्हणाला, पोर्तुगालमध्ये घेऊ, मला आणि ताईला दोघांनाही जवळ. मुलगी म्हणाली, दुबई बरी, सगळ्यांना मध्यावर. स्नेही म्हणाले, राधानगरी. वहिनी काहीच म्हणाल्या नाहीत. आणि मग, "तू बँकेत होतास, तूच सांग," म्हणून कागद माझ्यापुढे आले.

बँकेच्या माणसाला एक खोड असते. स्वप्न कुणाचंही असो, तो आधी त्याखाली रेघ मारून बेरीज करतो. मीही तेच केलं. समजा, घर साठ लाखांना पडलं. हीच रक्कम सात टक्क्यांनी ठेवीत राहिली असती, तर वर्षाला चार लाख वीस हजार व्याज आलं असतं. राखणदाराचा पगार, विजेचं बिल, घरपट्टी, दरवर्षीची डागडुजी धरून आणखी एक लाख ऐंशी हजार. झाले सहा लाख. घरात राहणार वीस दिवस. म्हणजे एका रात्रीचे तीस हजार रुपये! हे ऐकून स्नेही म्हणाले, "अरे, एवढ्यात तर ताजमहाल हॉटेलात झोपता येईल की!" येईलही. पण हॉटेलात नातवंडाला आजीच्या हातची थालीपीठं मिळत नाहीत, हेही हिशेबात धरलं पाहिजे. तेव्हा हा आकडा घर घेऊ नका असं सांगत नाही. जागा निवडताना हौसेच्या आधी 'वर्षातले किती दिवस?' हा प्रश्न विचारा, एवढंच सांगतो.

आता परदेशाचं पाहू. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यातून तिकडे घरही घेता येतं. पैसे पाठवण्याची वाट आहे, अडचण पुढची आहे. घर घ्या आणि राहण्याचा परवानाही मिळवा, या आमिषाने पोर्तुगालने अनेकांना बोलावलं होतं. घरांच्या किमती गावकऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर २०२३ साली त्यांनी घरखरेदीची ती वाट बंद केली. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये तेच केलं. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी तर २०१२ सालीच कौल दिला, की कोणत्याही गावात सुट्टीची घरं एकूण घरांच्या वीस टक्क्यांवर जाता कामा नयेत. जगातल्या श्रीमंत, नटलेल्या गावांनाही बंद खिडक्यांची भीती वाटू लागली आहे. वर्षातले अकरा महिने कुलूप असलेल्या आळीत वाण्याचं दुकान चालत नाही, शाळेत पोरं राहत नाहीत आणि गावातल्या तरुण जोडप्याला भाड्याने खोली मिळत नाही.

हे सगळं ऐकून स्नेह्यांना जोर चढला. "म्हणूनच म्हणतो, राधानगरी! आपलीच माती. तिथे कोण अडवतंय?"

अडवणारे पुष्कळ आहेत. आणि पहिला अडसर त्यांच्या मुलासाठीच आहे. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला आपल्याकडे राहतं घर, फ्लॅट, दुकान घेता येतं. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालचे, म्हणजे 'फेमा'चे नियम तसे आहेत. वारसाहक्काने आलेली शेतजमीन त्याच्याकडे राहू शकते, विकत घेतलेली नाही. म्हणजे ज्या मातीला मुलगा आपली म्हणतो, त्या मातीच्या लेखी तो परदेशातला गिऱ्हाईक. बाप कोल्हापुरातच आहे, त्याच्या नावावर घेऊ म्हणावं, तर १९४८ चा कूळकायदा आडवा येतो. त्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. स्नेही जन्मभर शाळामास्तर. त्यांनी शेत पाहिलं ते एस.टी.च्या खिडकीतून.

बिगरशेती केलेला प्लॉट घेता येतो. पण राधानगरी तालुक्यात तोही डोळे मिटून घेऊ नये. हा भाग जंगलाचा. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं, गव्यांसाठी राखलेलं. पुढे ते वाढवलं गेलं आणि आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून नोंदवली, त्यांत राधानगरी आहे. घाटातली गावं संवेदनशील ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा मसुदे काढले. अभयारण्याच्या कडेच्या गावांत काय बांधावं आणि काय नाही, याला वेगळे नियम आहेत. शिवाय तालुका धरणांचा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात पुनर्वसनासाठी राखीव, खाजगी वन, असे शेरे असतात. दलाल तो रकाना अंगठ्याखाली झाकून सातबारा दाखवतो. म्हणून वाचकहो, उतारा दलालाच्या हातातून न घेता स्वतः काढावा, आणि सगळ्यात आधी तोच रकाना वाचावा. शेतजमिनीचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून कोणी 'बंगलो प्लॉट' म्हणून विकत असेल, तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आठवण ठेवावी. अलीकडे त्यात सवलती आल्या आहेत. आपला गट त्यांत बसतो की नाही, हे तहसील कचेरीत विचारावं, चहाच्या टपरीवर नव्हे.

कायद्याचं झालं. आता पंचांग. अमेरिकेतल्या शाळा उन्हाळ्यात सुटतात त्या साधारण जून ते ऑगस्ट. राधानगरीत हेच दिवस पावसाचे, आणि हा पाऊस कोल्हापूर शहरातला नव्हे. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते, जंगलाची सफर बंद असते. दहा महिने मिटलेल्या घरात पाहुणे येणार ते नेमके या दिवसांत! वाळवीने चौकटी पोखरलेल्या, कौलं सरकलेली, आणि शाकारणीला माणूस मिळत नाही, कारण तो स्वतःच्या रोपलावणीत अडकलेला. याउलट नाताळाची सुट्टी घेता आली तर डिसेंबरासारखा महिना नाही. मेअखेरीला पावसाच्या तोंडावर आलात, तर झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकताना दिसतील. तेव्हा प्रदेश निवडण्याआधी मुलांच्या शाळेचं वेळापत्रक मागवावं. मी स्नेह्यांना तेच करायला सांगितलं.

आणि एक गोष्ट, जी उत्साहात कोणी बोलत नाही. घर नातवंडांसाठी म्हणून घेतलं, तरी त्यात जास्त दिवस राहणार ते आजी-आजोबा. रात्री छातीत कळ आली तर? तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे; मोठ्या उपचारांसाठी कोल्हापूर गाठावं लागतं. राधानगरीपासून पन्नासएक किलोमीटर, दाजीपूरकडून आणखी लांब, आणि पावसाळी रात्री रस्ता घाटमाथ्याचा. सत्तरीच्या माणसाने जागा पाहताना आधी दवाखाना पाहावा, मग सूर्यास्त. प्रवास मात्र पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. २०२३ च्या जानेवारीत गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाला. तिथून कणकवली आणि फोंडा घाट चढून राधानगरीला येता येतं. मुंबईत उतरून रात्रभर गाडीत बसण्यापेक्षा हे बरं.

एवढा हिशेब झाल्यावर आम्ही दोघं डिसेंबरात एक फेरी मारून आलो. ऐंशीच्या दशकात मी याच भागातल्या एका शाखेत होतो. पीककर्जाच्या वसुलीला पायी हिंडलो आहे, त्यामुळे गावं ओळखीची. एका वाडीवर डोंगरउतारावरचा 'लेक व्ह्यू' प्लॉट दाखवायला दलाल हजर होता. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत एक रंगवलेला बंगला, आणि पडवीत राखणदार. बोलता बोलता कळलं, की ही जमीन मूळची त्याचीच. मुलीच्या लग्नाला आणि दवाखान्याला पैसा लागला, विकली. आता मालकाच्या गुलाबांना पाणी घालतो. तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. "पगार येळेवर हाय साहेब. पर जमीन इकली की मानूस आपल्याच गावात पाव्हणा हुतो बघा," एवढंच म्हणाला. कुंपणाकडे बोट दाखवून पुढे म्हणाला, "गवं पूर्वी हितनं पाण्याला उतरायचं. आता वळसा घालून खालच्या भातात शिरत्यात." म्हणजे एका सुट्टीच्या घराचं भाडं खालचा शेतकरी भरतो, भाताच्या रूपाने. माझ्या तीस हजारांच्या हिशेबात ही रक्कम नव्हती.

परतीच्या वाटेवर स्नेही गप्प होते. घरी आल्यावर हे सगळं वहिनींच्या कानावर घातलं, तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या माहेरचं घर आहे की तिथे. गावठाणात. कुलूपच आहे."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनींचं माहेर राधानगरी तालुक्यातलं. वडील गेले, एक भाऊ गिरणीच्या दिवसांत मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, दुसरा पुण्यात. घर जांभ्या दगडाचं, चार खणांचं, मागे फणस. असं कुलूपबंद घर आपल्या घाटातल्या बहुतेक गावांत सापडेल. ते कुणाच्या स्वप्नात येत नाही, कारण त्याला 'व्ह्यू' नसतो आणि हिस्सेदार मात्र चार असतात.

पण कायद्याच्या नजरेने पाहिलं, तर याच घरात सर्वांत कमी अडचणी निघाल्या. गावठाणातलं घर म्हणजे शेतजमीन नव्हे; कूळकायद्याचं कलम तिथे लागत नाही, आणि मुलालाही पुढे ते वारसाने मिळू शकतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नावं आहेत. पण नमुना आठ ही घरपट्टीची नोंद, तो मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून 'स्वामित्व' योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन सनदा आणि मिळकत पत्रिका दिल्या जाऊ लागल्या आहेत. आपल्या गावची निघाली असेल, तर त्यावर सगळ्या वारसांची नावं आली आहेत ना, हे आधी बघावं. बहिणीचं नाव गळालेलं असतं, आणि ते 'चुकून' गळालेलं असतं. हक्कसोडपत्र करायचं तर ते नोंदवलेलंच हवं. परदेशातल्या वारसाने मुखत्यारपत्र पाठवलं, तर ते तिथल्या वकिलातीतून किंवा अपोस्टिल करून आणावं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. या तीन महिन्यांत पुष्कळ घरांचं गाडं अडतं.

मुंबईच्या भावाला फोन केला, तेव्हा तो आधी बिथरला. बहिणीला आताच घर का आठवलं, असं त्याने विचारलंही. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. वहिनींनी सांगितलं, "मला तुझा हिस्सा नको. नावं चौघांची राहू देत. छप्पर माझी मुलं घालतील. तुझी नातवंडं गणपतीला येऊ देत, माझी डिसेंबरात येतील." तसा करार लिहायचा ठरलं आहे: डागडुजीचा खर्च कुणी किती केला याची वही, वर्षातले दिवस कुणाचे कोणते, आणि विकायचं झालं तर आधी घरातल्या घरात विचारायचं. भावाच्या मुलाची सही अजून यायची आहे. तो कॅनडात असतो.

दुबईवाली मुलगी थोडी हिरमुसली. मुलाने मात्र व्हिडिओवर घर पाहून पहिला प्रश्न विचारला, "काका, बाथरूम कुठे आहे?" बाथरूम नाही. मागे न्हाणी आहे आणि परसात संडास. तेव्हा पहिला खर्च तोच. कौलं उतरवून वासे तपासायचं काम पाऊस संपल्यावर, भातकापणी उरकली की सुरू होईल. गवंडी गावातलाच आहे. त्याने सांगितलेला आकडा साठ लाखांच्या जवळपासही नाही.