घर घेतले, पण ऊब कुठे आहे?



जर्मनीत घर विकत घ्यायचे ठरले की आपली मंडळी काय काय पाहतात? स्वयंपाकघर केवढे आहे, बाग आहे का, शाळा किती लांब, स्टेशन पायी गाठता येते का. देवघराला कोपरा कुठे मिळेल, हे आजी फोनवरून विचारते. तळघरातल्या करड्या पेटीकडे मात्र कोणी फारसे वळत नाही. महाराष्ट्रात वाढलेला माणूस 'पाणी किती वेळ येते?' आणि 'पावसाळ्यात गच्ची गळते का?' हे न विसरता विचारतो. घर गरम होते का, हे विचारायची त्याच्यावर कधी वेळच आलेली नसते. इथे मात्र सहा-सात महिने त्या पेटीवाचून चालत नाही. म्हणून या वेळी हाइट्सुंगविषयी थोडे समजून घेऊ.

बंब आणि हाइट्सुंग

तुमच्यापैकी काहींनी आजोळी तांब्याचा बंब पाहिला असेल. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. हाइट्सुंगचे मूळ तत्त्व तेच आहे. तळघरातली पेटी म्हणजे 'केसेल', आपला बंबच. त्यात गॅस किंवा तेल जळते व पाणी तापते. मग एक पंप ते पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांतल्या हाइट्सक्योर्परमध्ये ढकलतो. तिथे पाणी आपली उष्णता खोलीला देते आणि कोमट होऊन परत केसेलकडे येते. बंबातले पाणी आपण अंघोळीला काढून घेतो; हे पाणी मात्र बंद नळ्यांतून तेच ते फिरत राहते.

नळ्या बंद असल्यामुळे त्यांतल्या पाण्याला दाब असतो. छोट्या घरात तो साधारण १ ते २ बार असतो आणि एका गोल तबकडीवर दिसतो. पाणी तापले की फुगते. त्या फुगवट्याला जागा म्हणून एक गोल डबा जोडलेला असतो. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी व दुसऱ्या बाजूला वायू असतो. हा डबा बिघडला तर काटा तापल्यावर फार वर आणि निवल्यावर फार खाली जातो. दर आठवड्याला पाणी भरावे लागत असेल, तर हा डबा तरी बिघडलेला असतो, नाहीतर पाणी कुठेतरी गळत असते.

मुलांनो, हाइट्सक्योर्परच्या मुठीवरचा ३ हा आकडा म्हणजे साधारण २० अंश. मूठ ५ वर नेली म्हणून खोली लवकर तापत नाही. ती फक्त जास्त तापते. ही चूक घरातली मोठी माणसेसुद्धा करतात, तेव्हा त्यांना जरूर सांगा!

उन्हाळ्यात खरेदी, ऑक्टोबरात शोध

समजा, एका कुटुंबाने मे महिन्यात घर पाहिले आणि ऑगस्टमध्ये ताबा घेतला. घर पाहताना ऊन होते, हाइट्सुंग बंद होती. नळाला गरम पाणी आले, म्हणून सगळ्यांना वाटले की यंत्र ठीक आहे. पण नळाचे पाणी तापले म्हणजे खोल्याही तापतील असे नाही. खोल्यांकडे जाणारा पंप आणि नळ्या वेगळ्या असतात. ऑक्टोबरात पहिली थंडी पडली, मुठी फिरवल्या आणि वरचा मजला गारच राहिला.

अशा वेळी आधी घाबरू नये. काही दुखणी किरकोळ असतात. हाइट्सक्योर्पर वरून गार व खालून गरम असेल, तर आत हवा अडकलेली असते. छोट्या चावीने ती सोडता येते. एकच हाइट्सक्योर्पर पूर्ण गार असेल, तर बहुधा झडपेची पिन उन्हाळाभर न हलल्याने अडकलेली असते. जवळच्या खोल्या तापतात आणि लांबच्या तापत नाहीत, तर पाण्याची वाटणी नीट लावलेली नसते. ती कारागीर लावून देतो. पण सगळे घर गार असेल, केसेल सारखा बंद पडत असेल, भोवती गंज वा काजळी दिसत असेल, तर दुखणे मोठे आहे. नवे यंत्र बसवायचे झाले तर खर्च हजारो युरोंत जातो, आणि तोही बँकेचे हप्ते नुकतेच सुरू झालेले असताना.

पैसे कोण देणार?

भाड्याच्या घरात उत्तर सोपे असते. हाइट्सुंग दुरुस्त करणे हे घरमालकाचे काम, आणि घर गार राहिले तर कायद्याने तेवढ्या काळाचे भाडे कमी होते. घर आपले झाले की मालक आपणच!

जर्मनीत घराचा करार नोटारपुढेच करावा लागतो. नोटार दोन्ही पक्षांना सारखा असतो. तो करार वाचून दाखवतो व कायदा समजावतो, पण तळघरात उतरून केसेल पाहत नाही. जुन्या घराच्या करारात बहुतेक वेळा एक वाक्य असते की घर आहे त्या स्थितीत घेतले आहे आणि दोषांची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही. या वाक्यामुळे पुष्कळ लोक तक्रारच करत नाहीत. पण त्या वाक्यालाही मर्यादा आहे. जर्मन नागरी कायद्याच्या ४४४ व्या कलमानुसार, विकणाऱ्याने माहीत असलेला दोष कपटाने लपवला असेल, तर त्याला त्या वाक्याच्या आड दडता येत नाही.

इथे तीन गोष्टी नीट वेगळ्या करू. यंत्र जुने असणे हा आपोआप दोष ठरत नाही. जे डोळ्यांना दिसत होते, ते सांगण्याची सक्ती विकणाऱ्यावर नसते. पण सहज न दिसणारा मोठा दोष त्याला ठाऊक असेल, तर तो न विचारताही सांगावा लागतो. आणि विचारल्यावर तर खरेच उत्तर द्यावे लागते. माहीत नसताना 'सगळे ठीक आहे' असे ठोकून देणेही कपटात धरले जाऊ शकते. २०२३ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हानोवरमधल्या एका खरेदीबाबत असेही सांगितले की, करारापूर्वी ऐनवेळी कागदांच्या ढिगाऱ्यात माहिती ठेवून देणे म्हणजे माहिती देणे नव्हे.

अर्थात कपट सिद्ध करण्याचे ओझे घेणाऱ्यावर असते. म्हणून मोठा दोष सापडला की जुने भाग फेकण्यापूर्वी फोटो काढा, तारखा लिहा, कारागिराकडून लेखी निदान घ्या, विकणाऱ्याला पोच मिळेल अशा टपालाने कळवा आणि वकिलाचा सल्ला घ्या. न्यायालयामार्फत तज्ज्ञाकडून पुरावा नोंदवून घेण्याचीही सोय आहे. कपटाच्या बाबतीत दोष व फसवणूक कळली त्या वर्षाच्या अखेरीपासून साधारण ३ वर्षे मुदत असते; पण थंडी तितकी थांबत नाही!

सही करण्यापूर्वी

पहिले, उन्हाळा असला तरी हाइट्सुंग चालू करून दाखवायला सांगा आणि प्रत्येक खोलीत हात लावून पाहा.

दुसरे, केसेलवरच्या पट्टीवर बांधणीचे वर्ष असते, ते वाचा. २०२० च्या इमारत-ऊर्जा कायद्यात ३० वर्षांहून जुने ठरावीक प्रकारचे केसेल बंद करण्याचा नियम आहे. १ फेब्रुवारी २००२ पासून स्वतःच्या छोट्या घरात राहणाऱ्या मालकाला त्यातून सूट दिली गेली. पण घर विकले की ती सूट संपते आणि नव्या मालकाला २ वर्षांची मुदत मिळते. म्हणजे आजीबाईंचा चालू केसेल आपण घर घेताच आपल्या खर्चाचा होऊ शकतो. या कायद्यात २०२४ साली मोठे बदल झाले आणि त्यावर पुढेही वाद झाले. म्हणून सहीच्या वेळचा नियम नीट विचारून घ्या.

तिसरे, ऊर्जेचा दाखला, म्हणजे एनेर्गीआउसवाइस, मागा. तो १० वर्षे चालतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एक घराच्या बांधणीवरून काढतात, दुसरा आधीच्या रहिवाशांनी जाळलेल्या इंधनावरून. दुसऱ्या प्रकारात, एकटे आजोबा एकच खोली तापवून राहत असतील, तर आकडा फारच छान दिसतो!

चौथे, शोर्नश्टाइनफेगरचे कागद मागा. नव्या वर्षाच्या शुभेच्छापत्रांवर काळ्या पोशाखात दिसतो तोच हा धुराडेवाला. तो धूर मोजतो आणि त्याची नोंद ठेवतो. त्या नोंदी आणि दुरुस्तीची बिले यांवरून यंत्राची तब्येत कळते.

पाचवे, महत्त्वाची उत्तरे लेखी घ्या व करारात घाला. आणि जर्मन पुरेसे येत नसेल तर ते नोटारला आधीच सांगा. करार तोंडी भाषांतर करून सांगितला जावा, अशी कायद्यातच तरतूद आहे. मुलांनो, शाळेत आणि डॉक्टरकडे आईबाबांचे बोलणे तुम्ही भाषांतर करून देता, ते कौतुकाचेच. पण इथे पोटच्या मुलाला दुभाषा होता येत नाही. त्यासाठी बाहेरचाच माणूस लागतो. आणि ते बरेच आहे, इतके मोठे ओझे तुमच्या खांद्यावर नको.

हे लक्षात ठेवा

बिघडलेल्या केसेलमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धुराच्या घंटेला तो कळत नाही; त्याची घंटा वेगळी मिळते. घरातल्या बऱ्याच जणांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर सगळ्यांनी बाहेर पडून ११२ ला फोन करावा. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण किंवा दारावरची घंटा दाबू नये. खिडक्या उघडाव्यात, बाहेर जावे आणि मगच फोन करावा.

या आठवड्याचा अभ्यास

१. आईबाबांबरोबर तळघरात जा. दाबाचा काटा कितीवर आहे आणि केसेल कोणत्या सालचा आहे, ते मराठीत लिहून आणा. भाड्याच्या घरात राहत असाल तर आपल्या खोलीतल्या मुठीचे चित्र काढा.

२. वाक्यांत उपयोग करा : ऊब, कोमट, काजळी, झडप, धुराडे.

३. आजीला किंवा आजोबांना फोन करून विचारा : तुमच्या लहानपणी बंब कोण पेटवायचे?