नग तोच, मालक बोवी

लाल प्लॅस्टिकचा एक टायपरायटर. ऑलिव्हेती कंपनीचा, ‘व्हॅलेंटाइन’ नावाचा, १९६९ साली बाजारात आलेला. इटलीचे डिझायनर एत्तोरे सॉत्सास यांनी पेरी किंग यांच्या साथीनं तो घडवला. हँडल यंत्रालाच जोडलेलं. लाल खोक्यात सरकवला की बॅगेसारखा उचलायचा आणि चालू लागायचं. देखणा आहे, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही आहे, पण दुर्मीळ मुळीच नाही. कारखान्यातून ढिगानं निघालेली वस्तू. नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडनच्या सदबीजनं असाच एक लिलावाला काढला, तेव्हा कॅटलॉगात त्याची अंदाजित किंमत छापली होती ३०० ते ५०० पौंड. तो गेला ४५,००० पौंडांना.

तो रॉक गायक डेव्हिड बोवीचा होता, हे उघड उत्तर. पण त्या लिलावाच्या दोन दिवसांत विकले गेलेले साडेतीनशेच्या आसपास नग सगळेच बोवीचे होते. नाव सगळ्यांना सारखंच चिकटलेलं असताना कुठं किंमत शंभरपट झाली आणि कुठं जेमतेम हलली. हा फरक कशानं पडला, हे पाहणं विक्रीच्या एकूण ३ कोटी २९ लाख पौंडांच्या आकड्यापेक्षा जास्त मजेचं आहे.

बोवी १० जानेवारी २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. दोनच दिवस आधी त्याला ६९ वर्षं पूर्ण झाली होती आणि त्याच दिवशी त्याचा ‘ब्लॅकस्टार’ हा आल्बम आला होता. तो चित्रं घेतो हे जाणकारांना माहीत होतं. किती घेतो, याचा पत्ता फारच थोड्यांना होता. रॉक स्टारच्या भिंतीवर काय असेल याची आपली एक कल्पना असते: वॉरहॉल, सोनेरी चौकटी, स्वतःची पोर्ट्रेट. इथं निघाले फ्रँक आवरबाख, डेव्हिड बॉम्बर्ग, लिऑन कॉसॉफ, पीटर लॅनयन. विसाव्या शतकाच्या मधल्या काळातले, बहुतेक ब्रिटनबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले चित्रकार. या निवडीला आतून एक धागाही आहे. आवरबाख आणि कॉसॉफ हे दोघंही बॉम्बर्गचे विद्यार्थी. गुरू आणि शिष्य एकाच घरात जमवणारा माणूस पुस्तकं उघडून बसलेला असतो, नुसता चेकबुक उघडून नव्हे.

‘मॉडर्न पेंटर्स’ या कलाविषयक मासिकाच्या संपादक मंडळावर तो १९९४ पासून होता आणि त्यासाठी त्यानं चित्रकारांच्या मुलाखती घेतल्या. पुढं त्यानं एक छोटी प्रकाशनसंस्थाही भागीदारीत काढली. तिच्यातर्फे १९९८ साली लेखक विल्यम बॉइड यांचं एका अमेरिकन चित्रकाराचं चरित्र प्रसिद्ध झालं. चित्रकाराचं नाव नॅट टेट. अकाली गेलेला, स्वतःची बहुतेक चित्रं स्वतःच नष्ट करणारा हा माणूस मुळात जन्मालाच आलेला नव्हता. एप्रिल फूलच्या आदल्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये जेफ कून्सच्या स्टुडिओत प्रकाशन समारंभ झाला आणि बोवीनं पुस्तकातला उतारा गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवला. लबाडी थोड्याच दिवसांत फुटली. गंमत म्हणजे २०११ मध्ये ‘नॅट टेट’चं एक चित्र, अर्थात बॉइड यांनीच काढलेलं, सदबीजमध्ये ७,२५० पौंडांना विकलं गेलं. खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असताना. नाव आणि गोष्ट मिळून भाव कसा तयार होतो, हे बोवीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता थोडं लिलावाच्या व्यवहाराबद्दल. कॅटलॉगातली अंदाजित किंमत म्हणजे लिलावघराच्या तज्ज्ञांनी बाजारातले अलीकडचे व्यवहार पाहून बांधलेला ठोकताळा. ती मुद्दाम जरा खालीच ठेवण्याकडे कल असतो, कारण स्वस्तात मिळेल असं वाटलं की हात वर होतात. त्याच्या खाली, फार तर तिच्या खालच्या टोकाइतकी, सहसा एक राखीव किंमत असते, ती विकणारा आणि लिलावघर यांच्यातच राहते. बोली तिथवर पोचली नाही तर नग परत जातो. हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराला लिलावघराचा अधिभार द्यावा लागतो. त्या वेळच्या दरानं पहिल्या एक लाख पौंडांवर तो पाव हिस्सा होता, पुढं टप्प्याटप्प्यानं उतरणारा. वर्तमानपत्रात येतो तो अधिभारासहितचा आकडा आणि कॅटलॉगातला अंदाज मात्र अधिभाराविना. म्हणजे टायपरायटरवर हातोडा पडला तो ३६,००० वर. ही वजाबाकी न करताच ‘अंदाजाच्या इतके पट’ म्हणणाऱ्या बातम्या नेहमी थोड्या फुगलेल्या असतात.

वजाबाकी करून पाहू. सगळ्यात महाग गेलं ते चित्रकार ज्याँ-मिशेल बास्कियाचं १९८४ चं ‘एअर पॉवर’. बोवीनं ते १९९५ मध्ये ७८,५०० पौंडांना घेतलं होतं; बास्कियावरच्या सिनेमात तो अँडी वॉरहॉल झाला, त्याच सुमारास. अंदाज २५ ते ३५ लाख, विक्री सुमारे ७१ लाख. अधिभार काढला तर वरच्या अंदाजाच्या दुपटीलाही थोडं कमीच. पुढच्याच वर्षी बास्कियाचं दुसरं एक चित्र न्यूयॉर्कमध्ये ११ कोटी डॉलरच्या वर गेलं, तेव्हा बोवी मध्ये नव्हता. हा बाजार आपल्या पायांवर धावत होता.

आवरबाखचं ‘हेड ऑफ गेर्डा बोम’ मात्र वेगळं. १९६५ चं हे चित्र फोटोत बघून कळत नाही. रंग ब्रशनं लावलेला वाटतच नाही, थापलेला वाटतो. थरावर थर चढून चेहरा फळ्यातून बाहेर आल्यासारखा, आणि जवळ गेलं की चेहरा नाहीसा होऊन नुसत्या खाचा-उंचवटे उरतात. आवरबाख १९३९ मध्ये बर्लिनहून एकटाच इंग्लंडला पाठवला गेलेला मुलगा. आईवडील छळछावणीत मारले गेले. गेर्डा ही त्याची नात्यातली बहीण, उरलेल्या मोजक्या नातलगांपैकी एक. आपल्या गाण्याचा आवाज हे चित्र दिसतं तसा व्हावा, असं बोवी म्हणाला होता. अंदाज ३ ते ५ लाख पौंड. विक्री सुमारे ३८ लाख. हातोड्याच्या हिशेबानं साडेसहा पट. इथं बोवीच्या नावानं खरं काम केलं, पण हवेतून नाही. ज्याची थोरवी जाणकारांना आधीच पटलेली होती, त्या चित्रकाराकडे आणखी हजारो डोळे वळवले.

एक कडवट तपशील. ब्रिटनमध्ये चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला त्यातला छोटा वाटा देण्याचा कायदा आहे, पण त्याची कमाल मर्यादा तेव्हा १२,५०० युरो होती. आवरबाख तेव्हा ८५ वर्षांचा होता आणि कॅम्डनमधल्या आपल्या जुन्या स्टुडिओत काम करत होता. ३८ लाखांपैकी त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त तेवढेच येणार होते.

मग टायपरायटर: ७२ पट. आणि सगळ्यांवर कडी करणारा ब्रिओनव्हेगाचा रेडिओग्राम. आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांचं साठच्या दशकातलं डिझाइन. चाकांवर फिरणारी चौकोनी पेटी, वर रेकॉर्ड प्लेअर, आणि समोरची बटणं अशी मांडलेली की यंत्र आपल्याकडे बघून हसतंय असं वाटावं. अंदाज ८०० ते १,२०० पौंड, विक्री २,५७,०००. अधिभार काढला तरी पावणेदोनशे पट. बोवीनं यावर रेकॉर्ड ऐकल्या असतील, ही कल्पना विकत घेतली गेली. देवळाच्या उत्सवात मानाच्या नारळाचा लिलाव होतो तेव्हा नारळाचा बाजारभाव कोण विचारतो?

थोडक्यात, वस्तूला स्वतःचा भाव जितका कमी, तितका नावाचा गुणाकार मोठा. लिलावापूर्वीच्या प्रदर्शनाला लंडनमध्ये पन्नास हजारांहून जास्त माणसं आली. त्यातल्या बहुतेकांना बास्किया परवडणार नव्हताच. पाच-सातशे पौंडांत बोवीच्या घरातलं काहीतरी मिळेल, या आशेनं बोली लावणारेच तळाच्या नगांवर तुटून पडले.

सात वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच सदबीजमध्ये ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या घरातला संग्रह विकायला निघाला. झांझिबारमध्ये जन्मलेला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढलेला फारूख बुलसारा. त्याचं केन्सिंग्टनमधलं ‘गार्डन लॉज’ त्यानं जुनी मैत्रीण मेरी ऑस्टिन हिला ठेवलं होतं आणि तिनं ते तीस वर्षं जवळपास होतं तसंच सांभाळलं. हा संग्रह बोवीच्या अगदी उलट्या स्वभावाचा: हिरोशिगेचे जपानी छापे, किमोनो, काचेचे दिवे, आणि मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी घेतलेलं तिसोचं एका स्त्रीचं चित्र. तिथं मिशा विंचरायची टिफनीची चांदीची कंगवी ४०० ते ६०० च्या अंदाजावरून दीड लाख पौंडांच्या वर गेली. पण ज्या यामाहा पियानोवर ‘बोहेमियन रॅप्सडी’ रचलं गेलं, तो २० ते ३० लाखांचा अंदाज असताना सुमारे १७ लाखांत गेला. अपयश म्हणावं असं त्यात काही नाही. पियानोच्या अंदाजात फ्रेडी आधीच मोजलेला होता, कंगवीच्या अंदाजात नव्हता, इतकंच.

बोवीच्या यादीतला एक नग मात्र गुणाकाराला अजिबात बधला नाही. सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या तिंतोरेत्तोचं, संत कॅथरीनला देवदूत दर्शन देतो ते चित्र. सेंट मार्क चौकातल्या ज्या सान जेमिनियानो चर्चसाठी ते काढलं होतं, ते नेपोलियनच्या अमदानीत पाडलं गेलं. बोवीला हे चित्र इतकं प्रिय की त्यानं आपल्या एका कंपनीच्या नावातच खऱ्या आडनावाशेजारी तिंतोरेत्तोला बसवलं: जोन्स-तिंतोरेत्तो. अंदाज १ ते दीड लाख. विक्री १,९१,०००, म्हणजे हातोडा वरच्या अंदाजाच्या जेमतेम पुढं. जुन्या इटालियन चित्रांची गिऱ्हाइकं रंगाचा थर आणि डागडुजी बघतात. मधल्या मालकानं कुठली गाणी म्हटली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. नव्या मालकानं ते अँटवर्पच्या रूबेन्सच्या घरातल्या संग्रहालयाला दीर्घ मुदतीवर दिलं. तिथून २०१९ मध्ये ते प्रदर्शनासाठी व्हेनिसला, डोजच्या राजवाड्यात पोचलं, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळा दिला: बोवीचा तिंतोरेत्तो मायदेशी.